‘चीनने घटना एकदाच लिहिली’? चार वेळा लिहिली!

‘चीनने घटना एकदाच लिहिली आणि काटेकोर पाळली, आपण ती 106 वेळा बदलली, म्हणून ते पुढे गेले.’ हा फॉरवर्ड भाचीने राज्यसेवेच्या वहीत उतरवून घेतलेला पाहिला आणि राहवेना.

‘एकदाच’ साफ खोटं. 1954, 1975, 1978 आणि 1982 अशा चार घटना झाल्या. पहिलीत 106 कलमं, दुसरीत जेमतेम 30! 1982 ची अजून टिकून आहे आणि पाचच खेपांना बदलली, एवढं खरं. आपल्या दुरुस्त्यांचा 106 चा आकडाही बरोबर. पण तिथल्या एका 2018 च्या खेपेतच 21 दुरुस्त्या होत्या, हे कोण सांगणार?

‘काटेकोर पाळली’ वाचून मात्र संताप येतो. 1954 च्या घटनेप्रमाणे नॅशनल पीपल्स काँग्रेसचं, म्हणजे चीनच्या संसदेचं, अधिवेशन दरवर्षी भरायला हवं होतं, आणि राष्ट्राध्यक्षाला हटवायचा अधिकार तिचाच होता. जानेवारी 1965 नंतर ती भरली थेट जानेवारी 1975 मध्ये. मधल्या काळात, ऑक्टोबर 1968 ला, राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांना कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने पक्षातून आणि सरकारी पदांवरूनही काढून टाकलं. पद देशाचं, ठराव पक्षाचा! घटना तेव्हा लागूच होती. नोव्हेंबर 1969 मध्ये काइफंगला ते कैदेतच वारले. पुढे 1975 च्या घटनेत राष्ट्राध्यक्षपदच उरलं नाही आणि सैन्याची सूत्रं थेट पक्षाध्यक्षाकडे गेली.

‘तिथेही कोर्टात हक्क मागता येतात’ असंही त्या फॉरवर्डमध्ये आहे. आताच्या, 1982 च्या घटनेत कलम 35 मध्ये भाषण, सभा, मोर्चा सगळं लिहिलंय. पण घटनेचा अर्थ लावायचा अधिकार कलम 67 ने नॅशनल पीपल्स काँग्रेसच्या स्थायी समितीला दिलाय, कोर्टाला नाही. एका मुलीच्या नावावर दुसरीनेच शाळेत प्रवेश घेतला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये शिक्षणाच्या घटनात्मक हक्काचा आधार घेतला होता. डिसेंबर 2008 मध्ये तो निर्वाळा त्याच न्यायालयाने रद्द केला.

राहिलं त्याच फॉरवर्डमधलं ‘लोकप्रतिनिधींचं एकमत’. कलम 64 प्रमाणे दुरुस्तीला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. 11 मार्च 2018 ला राष्ट्राध्यक्षाची दोन मुदतींची मर्यादा उठली, तेव्हा बाजूने 2958 मतं पडली, विरोधात 2. पण त्या दुरुस्त्यांचा प्रस्ताव पक्षाच्या केंद्रीय समितीने जानेवारीतच मंजूर केला होता. मतपत्रिका मार्चमध्ये वाटल्या.