‘गोचीड दिसली की डॉक्सी द्या’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: ‘कुत्र्याचं नाक ओलं आणि थंड असेल तर तो ठणठणीत. रक्ताच्या तपासण्या हा डॉक्टर आणि लॅबचा धंदा आहे. नागपुरात गोचीड सगळीकडे आहेत, ताप वाटला की डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक) सुरू करा, मांजरालाही अर्धी गोळी चालते. तपासायचंच असेल तर माणसांच्या लॅबमध्ये अर्ध्या पैशात होतं.’ खाली हात जोडलेले आणि ‘मुक्या जीवांसाठी पुढे पाठवा’.

मी नागपुरातच प्राण्यांच्या लॅबमध्ये रोज स्लाइड बघते. या मेसेजवर भरवसा ठेवणारी माणसं आपल्या जनावरावर जीव लावणारी असतात, म्हणूनच हे लिहायला बसले.

नाकाचं आधी सांगते. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडं असतं, कूलरसमोर पडून राहिलं तरी कोरडं होतं आणि चाटलं की पुन्हा ओलं. तापाशी त्याचा संबंध नाही. थर्मामीटर गुदद्वारात लावावा लागतो, आणि कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हिशोबाने 101 म्हणजे ताप. त्यामुळे धडधाकट कुत्र्यालाही घरातली पॅरासिटामॉल दिली जाते. मांजराला तर ती एक गोळीही जीवघेणी ठरू शकते: तिच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही, रक्त चॉकलेटी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं.

आता डॉक्सी. मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट ही, कारण ती अर्धी खरी आहे. गोचिडीमुळे होणाऱ्या एर्लिकियाच्या आजारावर डॉक्सीसायक्लिन हेच मुख्य औषध आहे आणि ते साधारण 28 दिवस द्यावं लागतं. पण ‘गोचीड ताप’ हा काही एक आजार नाही. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत राहणारा जिवाणू. बबेसिया हा तांबड्या पेशी फोडणारा परजीवी, आणि त्यातही मोठा आणि लहान असे दोन प्रकार. मोठ्यावर जे इंजेक्शन लागू पडतं ते लहानावर फारसं चालत नाही. हेपॅटोझून हा आणखी एक परजीवी, तो तर गोचीड चावल्याने होतच नाही, कुत्र्याने अंगावरची गोचीड दातांनी काढून गिळली की होतो. बबेसिया किंवा हेपॅटोझून एकट्या डॉक्सीने बरा होत नाही. बाहेरून मात्र तिघंही सारखेच दिसतात: कुत्रा जेवत नाही, मलूल पडतो, हिरड्या पांढुरक्या होतात.

मागच्या उन्हाळ्यात मानेवाड्याचे एक काका लॅब्राडोर घेऊन आले. असाच मेसेज वाचून त्यांनी सहा दिवस डॉक्सी दिली होती. लघवी काळ्या चहासारखी, हिरड्या कागदासारख्या. डॉक्टरांनी कानाच्या टोकाला सुई टोचून एक थेंब काढला. तो स्लाइडवर ठेवून दुसऱ्या काचेने ओढायचा, शेवट जिभेसारखा पातळ उतरला पाहिजे. मग वाळवून रंग द्यायचा, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली धरायचा. फिक्या गुलाबी पेशींमध्ये बारीक जांभळ्या अंगठ्या दिसल्या, एकीत एक, दुसरीत दोन. लहान बबेसिया. काका म्हणाले, ‘मॅडम, गोळ्या तर टायमावर दिल्या जी मी.’ खरंच वेळेवर दिल्या होत्या त्यांनी. कुत्रा वाचला, पण त्याआधी त्याला रक्त चढवावं लागलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिली गोळी देण्याआधी रक्त घेऊ द्या. डॉक्सीचे दोन-चार डोस गेले की एर्लिकिया रक्तात सापडणं अवघड होतं. मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि लोक म्हणतात तपासणी खोटी निघाली. स्लाइडलाही मर्यादा आहे. त्यात बबेसिया बऱ्याचदा दिसतो, पण एर्लिकिया क्वचितच दिसतो, म्हणून निगेटिव्ह स्लाइडने तो नाही असं ठरत नाही. पट्टीवर रेघ उमटणारं किट बहुधा अँटिबॉडी, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, दाखवतं. आजाराच्या पहिल्या दिवसांत त्या तयारच झालेल्या नसतात, आणि बरं झाल्यावरही कित्येक महिने राहतात. रेघ आली म्हणजे आजच आजार आहे असं नाही. म्हणूनच डॉक्टर किटसोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) मागतात, प्लेटलेट बघतात, गरज वाटली तर पीसीआरला (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पाठवतात.

मांजराला ‘अर्धी गोळी चालते’ हे तर लिहायलाच नको होतं. डॉक्सीची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकते, तिथे भाजल्यासारखी जखम होते आणि नळी आकसते. मग त्या मांजराच्या घशाखाली घास उतरत नाही. डॉक्टरांनी दिलेली असेल तेव्हाही गोळीमागून सिरिंजने थोडं पाणी पाजावं लागतं.

माणसांच्या लॅबबद्दल. तिथले लोक कामात कच्चे नसतात, पण त्यांचं मशीन माणसाच्या पेशींच्या मापावर लावलेलं असतं. आपली तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनच्या आसपास, मांजराची साडेपाच-सहा. वर मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात आणि गुठळ्या करतात. मशीनला त्या तांबड्या पेशींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत, प्लेटलेट खोट्याच कमी छापून येतात. कागदावरच्या ‘नॉर्मल’ आकड्यांचंही तेच. 10 हिमोग्लोबिन मांजरात ठीक असतं, माणसाच्या कागदावर ते रक्तक्षय ठरतं. 14,000 पांढऱ्या पेशी कुत्र्यात नॉर्मल, माणसात वाढलेल्या. तो ठळक छापलेला आकडा पाहून घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू केलेले लोक मला दर महिन्याला भेटतात.

शिवाय नमुना. मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्कूटीच्या डिक्कीत ठेवून आणलेल्या नळीतलं रक्त फुटलेलं असतं, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या असतात. फ्रीजरमध्ये ठेवलेलंही फुटतं. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून तिच्याशेजारी नळी ठेवा, बर्फाला चिकटवू नका.

राहिला धंद्याचा आरोप. गरज नसलेल्या तपासण्यांची लांबलचक यादी मीही पाहिली आहे, आणि त्याचा राग येणं रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना सरळ विचारणं: या रिपोर्टने उपचारात काय बदलणार? उत्तर मिळालं नाही तर दुसरा सल्ला घ्या. सेमिनरी हिल्सवर 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला दवाखाना सगळ्यांसाठी खुला आहे.

पण धडधाकट दिसणाऱ्या म्हाताऱ्या मांजराची तपासणी उगाच असते असं समजू नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडाचं जवळपास तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. लघवी पातळ होणं त्याच्या आधी कळतं, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (लघवी किती दाट-पातळ ते मोजणारं छोटं उपकरण) ते बघायला एक थेंब पुरतो. सकाळची पहिली लघवी आणा. ट्रेमध्ये रेतीऐवजी धुतलेले मत्स्यालयाचे खडे टाकले की ती सिरिंजने सहज ओढून घेता येते.