पन्नास हजारांची ऑर्डर आणि आमचं अपील

गुन्ह्यात जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या सरकारी भरपाईबद्दल खूप दिवस लिहायचं होतं पण ताईला विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. परवा तिने हो म्हणलं, फक्त गावाचं आणि जिल्ह्याचं नाव टाकू नको म्हणाली, म्हणून टाकत नाहीये. पोस्ट मोठी आहे पण ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. गावात घरीच शिलाईकाम करते, ब्लाउज, फॉल पिको, शाळेचे युनिफॉर्म. २०२२ च्या जूनमध्ये पेरणीच्या आधी बांधावरून भांडण झालं. बांध कोरला म्हणून दाजी विचारायला गेले आणि त्यांच्या चुलतभावाने सरळ कोयता काढला. वार दाजींच्या मानेवर येत होता, ताईने मध्ये हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. शिलाई करणाऱ्या बाईची ही दोन बोटं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको, कात्री कशी धरायची, सुईत दोरा कसा ओवायचा.

सिव्हिलमध्ये सतरा दिवस, मग खाजगीत दुसरं ऑपरेशन, मावशीच्या पाटल्या मोडल्या. केस उभी राहिली, आरोपी जामिनावर सुटून गावात फिरतोय, तारखा पडतायत. ते चालूच राहील. मला बोलायचंय ते भरपाईबद्दल.

आपल्याकडे बहुतेकांना हे माहीतच नसतं की गुन्ह्यात जखमी झालेल्याला सरकारकडून भरपाई मिळते. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम ३५७ए होतं, आता नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) ते कलम ३९६ झालंय. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, ते जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. यासाठी आरोपीला शिक्षा व्हायची वाट बघावी लागत नाही, एवढंच काय आरोपी सापडलाच नाही तरी अर्ज करता येतो. बायकांसाठी नालसाची (म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) २०१८ ची वेगळी योजना आहे, सुप्रीम कोर्टाने ती सगळ्या राज्यांसाठी किमान म्हणून लागू केली, म्हणजे राज्याला जास्त द्यायचं असेल तर देता येतं पण त्याच्या खाली जाता येत नाही. हे "खाली जाता येत नाही" लक्षात ठेवा, आमचं सगळं अपील याच चार शब्दांवर उभं होतं.

आम्ही अर्ज केला. साठ दिवसांत चौकशी पूर्ण व्हायला पाहिजे असं योजनेतच लिहिलंय, आमच्या ऑर्डरला चौदा महिने लागले. ऑर्डर आली पन्नास हजारांची. दीड पानाची ऑर्डर, त्यातलं एक पान नुसता घटनाक्रम, आणि कारण काय तर वाद आपसातील असून अर्जदार घरून व्यवसाय करू शकते. बस. एवढंच. अपंगत्वाचा दाखला फाईलला लावलेला होता, २४ टक्के कायमस्वरूपी, त्याचा ऑर्डरमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

आणि खरं सांगते, घरात सगळ्यांना आनंद झाला. दाजी म्हणाले मिळाले हेच खूप. सासूबाई म्हणाल्या सरकारने दिलंय, आता त्यात खोड काढू नये. मावशीने तर देवाला नारळ फोडला. मी पुण्याला होते, मला ताईने फोनवर ऑर्डर वाचून दाखवली आणि वाचता वाचता ती एका जागी थांबली, "घरून व्यवसाय करू शकते" या वाक्यापाशी. म्हणाली, अगं यांनी माझा हात बघितलाच नाही ना.

खरंच बघितला नव्हता. चौदा महिन्यांत तिला एकदाही समोर बोलावलेलं नव्हतं.

मग मी योजना डाउनलोड करून बसले. मी वकील नाही, अकाउंट्समध्ये काम करते, पण तक्ता वाचता येतो. शेवटी परिशिष्ट आहे, त्यात कुठल्या इजेला किमान किती आणि कमाल किती ते दिलंय. शरीराचा भाग गमावून २० ते ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं तर एक लाख ते तीन लाख. २० टक्क्यांच्या खाली असलं तरी एक लाख ते दोन लाख. म्हणजे तिच्या हाताला कुठल्याही ओळीत बसवा, पन्नास हजार हा आकडा त्या तक्त्यात तिच्यासाठी नाहीच! मी तीनदा वाचलं कारण मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

आपसातला वाद हे कारण तर मला अजून पटत नाही. ताईने कोणाशी वाद घातला? ती मध्ये पडली. आणि रक्कम ठरवताना काय बघायचं तेही योजनेत दिलंय, गुन्हा किती गंभीर, उपचाराचा खर्च किती, कमाई किती बुडाली, अपंगत्व किती, घरची परिस्थिती काय. मारणारा नात्यातला असला म्हणून बोट अर्धंच तुटतं का? उलट नात्यातल्याने मारलं की बाईला दवाखान्यातून परत त्याच गल्लीत यावं लागतं, त्याच विहिरीवर.

अपील राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचं, ऑर्डर हातात पडल्यापासून तीस दिवसांत. आम्हाला अकरा दिवस उशीर झाला कारण घरातल्यांना समजावण्यातच महिना गेला. पण योग्य कारण असेल तर उशीर माफ करता येतो, तसा वेगळा अर्ज जोडला. इथे ताईचा एक शहाणपणा कामी आला, ऑर्डर ज्या पाकिटातून आली ते पाकीट तिने पोस्टाच्या शिक्क्यासकट पिठाच्या डब्यामागे जपून ठेवलं होतं. ऑर्डरवरची तारीख आणि पाकिटावरची तारीख यात तेवीस दिवसांचा फरक होता. पाकीट नसतं तर उशीर अकरा नाही चौतीस दिवसांचा दिसला असता. म्हणून सांगते पाकीट फेकू नका, आणि जे काही द्याल त्याची पोच घ्या, आवकचा शिक्का नसेल तर कागद दिलाच नाही असं समजा.

वकिलाचं पण सांगते कारण सगळे तिथेच घाबरतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. गंमत वाटेल पण ज्या प्राधिकरणाची ऑर्डर आपल्याला चॅलेंज करायची त्यांच्याकडेच वकील मागायचा असतो. ताईला फार संकोच वाटत होता, त्यांच्याच विरुद्ध त्यांच्याकडे कसं मागायचं, त्यांना राग येईल. मी म्हणलं राग यायचा काय संबंध, अपील योजनेतच लिहून ठेवलंय, हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. आम्हाला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या, त्यांनी अपिलात पहिल्याच पानावर तक्त्यातली ती ओळ टाकली, खाली दाखल्याचा नंबर, आणि मग अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल. ती केस पण शेतावरच्या भांडणाचीच, कुत्रं भुंकण्यावरून सुरू झालेली. तो निकाल कोर्टांसाठी आहे, भरपाई द्या किंवा देऊ नका पण विचार केलाच पाहिजे आणि कारणं लिहिलीच पाहिजेत असं त्यात म्हणलंय. मॅडमचा मुद्दा साधा होता, कोर्टाला जे बंधन ते प्राधिकरणाला का नको.

आता गावातल्या बोलण्याबद्दल, कारण ताईला जास्त त्रास त्याचा झाला. अपील केल्याचं कळल्यावर लोक म्हणायला लागले की पैशासाठी चाललंय सगळं, बोटांचे पैसे करतेय. दुसरीकडे आरोपीच्या घरचे सांगत फिरले की तिने पन्नास हजार घेतले म्हणजे मिटलं. दोन्ही खोटं. हे पैसे आरोपी देत नाही, सरकार देतं, आणि ते घेतल्याने केस मिटत नाही की मागे घेतली जात नाही. हे मी स्वतः पारावर जाऊन चार माणसांना सांगितलंय, एकाने तरी ऐकलं असेल अशी आशा आहे. आणि पैसे मागणं यात लाज कसली तेही मला कोणीतरी सांगा. बैल मेला तर पंचनामा करून भरपाई मागतो, गारपीट झाली तर मागतो, एसटीने धडक दिली तर मागतो, बाईचा हात तुटला की मात्र तिने आहे त्यात समाधान मानायचं.

राज्य प्राधिकरणाने ती ऑर्डर रद्द केली आणि नव्याने निर्णय घ्यायला परत जिल्ह्याला पाठवलं, अर्जदाराला समक्ष ऐका असं लिहून. त्या दिवशी ताई स्वतः गेली. सोबत एक ब्लाउजपीस आणि कात्री घेऊन गेली होती, हे मला नंतर कळलं. तिला विचारलं काय काम करता, तिने कात्री उजव्या हातात धरायचा प्रयत्न करून दाखवला आणि कात्री खाली पडली. कोणी काही बोललं नाही म्हणे.

दुसरी ऑर्डर सव्वा दोन लाखांची आली. तीन पानी, दाखल्याच्या उल्लेखासकट. तीन लाख का नाही यावर मॅडमचं म्हणणं होतं पुढे हायकोर्टात जाता येईल, ताई म्हणाली आता नको, मी दमले. मी तिच्यावर जोर केला नाही. आधीचे पन्नास वजा जाऊन पावणेदोन लाख, त्यातले पंचाहत्तर टक्के तीन वर्षांच्या एफडीत, कारण योजनेत तसंच आहे. दवाखान्यासाठी किंवा तशीच मोठी गरज असेल तर मधे काढायची परवानगी मागता येते, तो अर्ज आम्ही केलाय, अजून उत्तर नाही.

एक राहिलं. माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या भावाला मागच्या महिन्यात रस्त्यात भोसकलं, तिने मला विचारलं म्हणून हे सगळं लिहायला बसले. पुरुषांना नालसाची ही बायकांची योजना लागत नाही, त्यांच्यासाठी राज्याची २०१४ ची योजना आहे. तिच्यातल्या रकमा आणि अपिलाची मुदत वेगळ्या असू शकतात म्हणून ऑर्डर मिळेल त्याच दिवशी प्राधिकरणात जाऊन मुदत विचारा, आमच्यासारखा महिना घालवू नका. कोणाला अपिलाचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, नाव गाव खोडून पाठवते.

हातात जे त्रेचाळीस हजार सातशे पन्नास आले त्यातून ताईने मशीनला मोटर बसवली आणि कटिंगसाठी गावातलीच एक मुलगी ठेवलीय, दुपारी कॉलेजवरून आली की दोन तास बसते. मशीन ताई स्वतः चालवते. दिवाळीला माझा ब्लाउज तिनेच शिवला, बाही थोडी घट्ट झालीये, मी अजून तिला सांगितलेलं नाही.