‘गमतीत बोललं तर काय होतं?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरून फिरून माझ्या फोनवर येतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि काल माझ्याच एका ग्राहकाने ‘ताई, हे खरं आहे का?’ असं विचारत पाठवला. नागपुरात सीताबर्डीवर माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. वर्षातून चार-पाच ग्रुप मी स्वतः घेऊन जाते. सोनेगावच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत किती वेळा उभी राहिले याची मोजदाद नाही. त्या रांगेत एका वाक्याने काय होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून या मेसेजला नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून सोडवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: विमानतळावर ‘बॅगेत बॉम्ब आहे’ असं गमतीत म्हटलं तर गुन्हा होत नाही, कारण कायद्याला हेतू लागतो. मशीनमध्ये बॅग आरपार दिसते, त्यामुळे आत काही नाही हे जवानाला ठाऊक असतं, तरी तो मुद्दाम अडवतो. २०२४ मध्ये विमान कंपन्यांना ९९९ खोट्या धमक्या आल्या, अटक झाली फक्त १२ जणांना. नो-फ्लाय लिस्ट, म्हणजे विमानप्रवासाला बंदी घातलेल्यांची यादी, ही नुसती भीती आहे, माफी लिहून दिली की सोडतात. आणि शेवटी, आपण नागपूरकर, आपली बोलीच मोकळी, घाबरायचं कशाला.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण माणसं फसतात ती तिथेच.

जानेवारी २०२३. चौदा जणांचा ग्रुप घेऊन मी बंगळुरूला निघाले होते, पुढे म्हैसूर-उटी. ग्रुपमध्ये एक काका, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षक, सोबत काकू. रांगेत ते माझ्या पुढे. काकूंनी भाच्यासाठी घरी कुटलेला सावजी मसाला घेतला होता, दोन किलो असेल, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च दाबून वर वर्तमानपत्र गुंडाळलेला. बॅग मशीनमधून गेली आणि बेल्ट मागे आला. पुन्हा पुढे गेला. जवानाने बॅग बाजूला काढून विचारलं, “इसमें क्या है?”

काका हसत म्हणाले, “बम है साब! सावजी का बम. एक चम्मच में धमाका.”

मागे दोघं-तिघं हसलेही. आम्हाला कळलं होतं ना. सावजी रस्सा खाल्लेला प्रत्येक नागपूरकर ते वाक्य ऐकून हसला असता. पण तो जवान आमच्याकडचा नव्हता. विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीआयएसएफ या केंद्रीय दलात देशभरातून मुलं येतात, कोणी ओडिशाचा, कोणी राजस्थानचा, कोणी तमिळनाडूचा. ‘सावजी’ हा शब्द त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला असेल. त्याच्या कानात एकच शब्द शिरला. त्याने हात वर केला आणि बेल्ट थांबला. त्या बेल्टची घरघर आपल्याला एरवी जाणवत नाही, ती थांबल्यावर जाणवते. काकूंनी एका पायात चप्पल घातली होती, दुसरी अजून ट्रेमध्येच होती. पुढची पंधरा-वीस मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या.

निरीक्षक आले. मसाला उघडला, पिशवीवर कागदाची पट्टी घासून दुसऱ्या यंत्रात घातली. काही निघालं नाही, निघणारही नव्हतं. तरी काकांना बाजूच्या खोलीत नेलं, जबाब लिहिला, विमान कंपनीला कळवलं. कंपनीने दोघांनाही विमानात घ्यायला नकार दिला आणि काकांना पोलिसांच्या ताब्यात दिलं. परतल्यावर पुढच्या एका प्रवासात तोच जवान मला दिसला, तेव्हा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, हँस के बोलो या रो के बोलो, मुझे तो बताना ही पड़ता है.” त्याच्या जागी माझा मुलगा असता तर त्यानेही हेच करावं असं मला वाटलं असतं.

म्हणून ‘आपली बोलीच अशी’ हे खरं असलं तरी तिथे चालत नाही. थट्टा कळायला समोरचा आपल्यातला लागतो. आपली बोली आपल्या घरात, चौकात, लग्नाच्या पंगतीत. तपासणीच्या टेबलावर नाही.

आता मशीन. आरपार दिसतं हे खरं, पण काय दिसतं ते मेसेज लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलं दिसत नाही. त्या पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात. धातू निळ्या छटेत, आणि कार्बनयुक्त, सेंद्रिय म्हणतात तसे पदार्थ नारिंगी. चिवडा नारिंगी, साबण नारिंगी, संत्रा बर्फी नारिंगी, दाबून भरलेला मसाला नारिंगी. आणि स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच असल्याने तीही नारिंगीच. म्हणून तर खाण्याच्या घट्ट पुड्यांच्या बॅगा हमखास उघडायला लावतात आणि ती पट्टी घासून बघतात. जवान विचारतो तो वेळ घालवायला नाही. पडद्यावर दिसलेल्या त्या घट्ट नारिंगी गोळ्याचं उत्तर त्याला हवं असतं. अशा वेळी आपणच ‘बॉम्ब’ म्हटलं, तर ‘काही नाही’ असं त्याला कशाच्या आधारावर ठाऊक असणार?

समजा त्या बॅगेत खरोखर काही नाही हे पाच मिनिटांत सिद्ध झालं. तरी काम संपत नाही. ज्याला उतरवलं त्याचं चेक-इन केलेलं सामानही विमानाच्या पोटातून शोधून काढावं लागतं. हा नियम कुणी हौस म्हणून केलेला नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती विमानात चढली होती, बॅगेचा मालक चढलाच नव्हता. तेव्हापासून माणूस खाली तर बॅग खाली. त्या दिवशी काकांची हिरवी सुटकेस सापडेपर्यंत अख्खं विमान बसून होतं. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंना बंगळुरूहून पुढचं विमान पकडायचं होतं, त्या सारखं घड्याळ बघत होत्या. त्यांचं काय झालं ते मला कधी कळलं नाही.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, त्यामुळे दुसऱ्यांच्या धमक्यांचा भारही आपल्यावर येतो. १ सप्टेंबर २०२४ ला जबलपूरहून हैदराबादला निघालेलं इंडिगोचं विमान प्रसाधनगृहात सापडलेल्या एका चिठ्ठीमुळे इथे उतरवलं. जून २०२५ मध्ये कोचीहून दिल्लीला जाणारं विमान एका ईमेलमुळे इथे उतरलं. दोन्ही वेळा काही सापडलं नाही. पण दोन्ही वेळा सगळे प्रवासी खाली, सगळं सामान खाली, बॉम्बशोधक पथक, कुत्री, अग्निशमनच्या गाड्या. आपल्या विमानतळाला धावपट्टी एकच आहे. एक विमान असं अडकलं की मागच्यांचं काय होतं ते त्या दिवशी तिथे असलेल्यांना विचारा.

‘हेतू लागतो’ हा मुद्दा सगळ्यात हुशारीने लिहिलेला आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. नागरी विमानांच्या सुरक्षेचा १९८२ चा जो कायदा आहे त्यात खोटी माहिती देऊन विमान धोक्यात घालणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण तो ‘उड्डाणातल्या’ विमानाबद्दल बोलतो, म्हणजे प्रवासी चढल्यावर बाहेरचे दरवाजे बंद झाल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंत. सिक्युरिटीच्या रांगेतली थट्टा त्यात सहज बसत नाही. तेव्हा ‘थट्टा केली की जन्मठेप’ असा जो उलटा मेसेज फिरतो तोही चूक आहे, तोही पुढे पाठवू नका. ऑक्टोबर २०२४ च्या धमक्यांच्या लाटेनंतर नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी हा कायदा बदलण्याचं बोलून दाखवलं, त्याचं एक कारण ही फटच होती.

पण एक कलम लागलं नाही म्हणजे कुठलंच लागत नाही असं नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ वाचा. एखादी माहिती खोटी आहे हे माहीत असताना ती सरकारी नोकराला दिली, आणि त्यामुळे तो एरवी केलं नसतं असं काही करण्याची शक्यता आहे हे ठाऊक असलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे कुणाला घाबरवण्याचा हेतू असायलाच हवा असं नाही. माहिती खोटी आहे हे माहीत असणं, आणि पुढे काय होईल याची कल्पना असणं, एवढं पुरतं. गंमत करणाऱ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला माहीत असतं? ‘मी तर गंमत करत होतो’ म्हणजेच ‘ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं’. बचाव म्हणून जे वाक्य आपण बोलतो, तेच कबुली होऊन बसतं. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये विमान सुरक्षा नियमांत दुरुस्ती होऊन खोटी माहिती पसरवण्याला थेट मनाई आली. व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंत, संस्थेला एक कोटीपर्यंत दंड. त्या नियमात जमीन आणि आकाश असा भेद नाही, विमानतळही येतो.

आणि हे कागदावरचं नाही. एप्रिल २०२४ मध्ये दिल्लीला दोन प्रवाशांनी, विमानात चढण्याआधी होणाऱ्या दुसऱ्या तपासणीत, ‘मी अणुबॉम्ब नेत असलो तर काय कराल’ अशा अर्थाचं काही म्हटलं. दोघांनाही अटक झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोचीला एकाने नुसतं विचारलं, माझ्या बॅगेत बॉम्ब आहे का? त्यालाही अटक. म्हणजे ‘आहे’ म्हणायचीही गरज पडली नाही.

९९९ आणि १२ हे आकडे खरे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी संसदेत लेखी उत्तरात दिलेले, त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे. त्याच उत्तरात २५६ गुन्हे नोंदवल्याचंही आहे, तो आकडा मेसेजमध्ये सोयीने गाळलाय. पण मुख्य घोळ वेगळा आहे. त्या धमक्या बहुतांशी सोशल मीडियावरच्या बनावट नावांवरून आलेल्या. पाठवणाऱ्याला शोधण्यातच महिने जातात. तसं असूनही आपल्या विदर्भातल्याच गोंदिया जिल्ह्यातल्या एका माणसाला नागपूर पोलिसांनी त्याच ऑक्टोबरअखेर ताब्यात घेतलंच. आणि रांगेत उभे असलेले तुम्ही? हातात बोर्डिंग पास, त्यावर नाव, आधार दाखवून आत आलेले, डोक्यावर कॅमेरा, समोर साक्षीदार म्हणून गणवेशातला माणूस. तुम्हाला शोधायचं काय आहे? हसणं ओसरायच्या आत तुम्ही सापडलेले असता.

नो-फ्लाय लिस्टचे नियम सप्टेंबर २०१७ पासून लागू आहेत. नुसत्या तोंडी गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर धावून जाण्याला सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका होईल अशा वागण्याला किमान दोन वर्षं. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. यादीतलं पहिलं नाव मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं होतं, विमानाच्या प्रसाधनगृहात धमकीची चिठ्ठी ठेवल्याच्या प्रकरणात. त्याला विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये जन्मठेप आणि पाच कोटींचा दंड सुनावला, आणि २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं.

‘बघा, सुटला ना!’ असं म्हणणारे मला भेटतात. इंग्लंडच्या त्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचंही उदाहरण देतात, ज्याने २०२२ मध्ये विमानात बसण्याआधी मित्रांना फोनवर ‘मी विमान उडवून देणार’ अशी थट्टा पाठवली होती. स्पेनच्या लढाऊ विमानांनी त्या विमानाला सोबत केली, मुलाला दोन दिवस कोठडीत ठेवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. बरोबर ठरवलं असं माझंही मत आहे. मित्रांना खाजगीत पाठवलेला मेसेज आणि सुरक्षा रक्षकाच्या तोंडावर बोललेलं वाक्य यांत फरक आहेच. पण सुटण्याआधीची वर्षं कोण परत देतं? एकाची सहा गेली, दुसऱ्याची दीड.

राहिला माफीनामा. काकांनी त्या खोलीत माफी लिहून दिली होती, माझ्याच पेनाने, शिक्षकाच्या वळणदार अक्षरात. हात थरथरत होता तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं नव्हतं. ती माफी फाइलला लागली. फाइल बंद झाली नाही. गुन्हा नोंदला गेला, वकील लावला, तारखा पडत राहिल्या.

परवा काका ऑफिसला आले होते. मुलगा दुबईला असतो, सून बाळंत होणार आहे, दोघांनाही बोलावलंय. पासपोर्टची मुदत संपली म्हणून नवा अर्ज भरायचा होता. काकूंचा झाला. काकांचा मी भरत होते, ते बाजूच्या खुर्चीत बसून एकेक माहिती सांगत होते. जन्मतारीख, पत्ता, आधार. मग तो रकाना आला, आपल्याविरुद्ध न्यायालयात एखादा फौजदारी खटला प्रलंबित आहे काय? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, “‘हो’ लिही बेटा. आता खोटं काही लिहायचं नाही.”