१० टक्के फ्लॅट अन् आमचे काकाजी

आमच्या यवतमाळकडे व्याज कोणाला शिकवावं लागत नाही. शेकडा दोन म्हटलं की महिन्याला शंभरामागे २ रुपये, वर्षाला २४, हे चौथी नापास माणूसही कापूस वेचता वेचता सांगते, सावकारानं पाठच करून घेतलं आहे बाप्पा. ३ लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं की पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेत व्याज शून्य पडते, म्हणून मार्च आला की हातउसने गोळा करून सारे नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, धावतात. एवढे आम्ही हुशार. पण गाडीच्या शोरूममध्ये तो कोपऱ्यातला फायनान्सचा टेबल असते ना, तिथं बसलं की डोकं हँगच होते.

यंदा कापसाच्या पैशात गाडी अर्धीच बसत होती म्हणून काकाजींना घेऊन तालुक्याला गेलो. टेबलावरचा पोट्टा लय गोड बोलणारा. म्हणे आधी सिबिल पाहू. कर्ज कसं फेडतो त्याचे ३०० ते ९०० मध्ये मार्क असतात, माझे बरे निघाले, मग बायकोच्या नावानं काही स्वस्त पडते का म्हणून तिला फोनवर ओटीपी विचारून तिचंही पाहिलं तर मायनस १! जिनं जन्मात किराण्यातही उधारी ठेवली नाही तिला मायनस. पोट्टा म्हणे कर्जच घेतलं नाही तर मार्क द्यायचे कशावर. हे घरी कसं सांगायचं ते मला अजून सुचलं नाही.

मग त्यानं आकडा टाकला, ६० हजार, १० टक्के फ्लॅट, ३ वर्षं, हप्ता २१६७. मी तर खूश, शेकडा दोनपुढे हे फुकटच की. काकाजींनी शांतपणे चष्मा पुसला अन् पोट्ट्याकडे वळले.

"काबे बाबू, दोन वर्सं हप्ते भरले तं मुद्दल किती राह्यते?"

"२० हजार, काकाजी."

"मंग तिसऱ्या वर्सी व्याज कितीवर?"

"६० वरच. फ्लॅट हाय न."

"काहून? बैलजोडी वापस केली तरी तिचं भाडं भरत राहू काय? २० हजारावर सालाचे ६ हजार! अबे सावकाराचे बी ४८०० झाले असते!"

बाजूच्या टेबलावरचा माणूस सही करता करता थांबला.

काकाजी म्हणे कागद दाखव. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं लावून दिलं आहे, कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे मुख्य अटींचा कागद, द्यायचंच अन् त्यात एपीआर, म्हणजे फी-बी धरून वर्षाचा खरा दर, लिहायचा. पोट्ट्यानं ड्रॉवर उघडला, बंद केला, परत उघडला. कागदावर १० टक्के कुठंच नव्हते. मुद्दल कमी होत जाते हे धरलं की तेच १० साधारण १८ होतात, वरून दीड हजार प्रोसेसिंग फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, असं करत एपीआर २० ला टेकलेला.

गाडी शेवटी पतसंस्थेतून रिड्यूसिंगवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज, अशी घेतली.

पण बातमी गावात आमच्या आधी पोचली होती. आता पानठेल्यावर कोणी मोबाईलचा, कोणी फ्रिजचा नो कॉस्ट ईएमआयचा, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचा, कागद घेऊन उभा असते अन् काकाजी पहिला प्रश्न एकच विचारतात, "रोखीनं केवढ्याले भेटते?" तिथंच अर्ध्या लोकांचे चेहरे उतरतात, कारण रोखीवरची सूट सोडली की तेच व्याज झालं. सल्ला मात्र फुकट नाही. प्रोसेसिंग फी एक कट चहा, अन् जीएसटी म्हणून खर्रा वेगळा.