लग्न केलंत? पावती दाखवा

जोडीदार कॅनडात, तुम्ही नाशकात आणि मधे अंतरपाट धरून कॅनडाचं सरकार. आपल्याकडे मामांनी स्वतः रचलेली सहा कडवी म्हटली तरी अर्ध्या तासात अंतरपाट खाली येतो. हा मात्र वर्षभर वर राहतो आणि मंगलाष्टकंही तुम्हीच म्हणायची असतात, पीडीएफमध्ये. डिसेंबर २०१६ मध्ये तिकडच्या मंत्र्यांनी जोडीदाराला बोलावून घ्यायचे अर्ज बारा महिन्यांत निकालात काढण्याचा वायदा केला. वायद्याचा हिशेब शंभरातल्या ऐंशी अर्जांपुरता असतो. आपण उरलेल्या विसांतले, असं धरून चालावं. जेवण पचतं.

सुरुवात आयएमएम १३४४ या फॉर्मपासून करा. जोडीदाराला बोलावून घेण्याचा अर्ज आणि त्याला पोसण्याची हमी, असं दोन्ही त्यात आहे. तो ब्राउझरमध्ये उघडला की पडद्यावर इंग्रजीत ओळ येते: कृपया थांबा. पुष्कळ लोक थांबतात. चहा करून येतात, वायफायला शिव्या घालतात, राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. हा फॉर्म ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडतच नाही. तो संगणकावर उतरवून अडोबी रीडरमध्येच उघडावा लागतो. पण ही युक्ती लगेच वापरू नका. पुढच्या वर्षाची रंगीत तालीम फुकट मिळते आहे, ती सोडू नये.

लग्न अजून व्हायचं असेल तर तुम्ही नशीबवान. म्हणजे लग्न फाइलच्या सोयीनं लावता येईल. दोघंही मांडवात सदेह हजर हवेत. ११ जून २०१५ पासून फोनवर, इंटरनेटवर किंवा मुखत्याराकरवी लावलेलं लग्न या कामाला चालत नाही. भटजींची सही अक्षता पडायच्या आधीच घेऊन टाका. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा ‘नमुना ड’ भरताना पुरोहिताची सही लागते, तीन साक्षीदार लागतात, आणि दक्षिणा खिशात पडल्यावर भटजी पुढच्या मुहूर्ताला कुठल्या तालुक्यात असतील हे त्यांच्या घरच्यांनाही माहीत नसतं. साक्षीदारही एकाच गावचे निवडा. एक काका सोलापूरचे, एक मावसा बडोद्याचा, एक मित्र नोटीस पीरियडवर असला, तर नोंदणीच्या दिवशी तिघांना एकत्र आणण्यापेक्षा तिघांची लग्नं पुन्हा लावणं सोपं पडतं.

आता नाव. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहायची हौस असेल तर अवश्य लिहा. फॉर्ममध्ये ‘आजवर वापरलेली इतर नावं’ असा रकाना आहे, तो रिकामा बरा दिसत नाही. जन्मदाखल्यावर फक्त ‘मुलगी’, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं नाव मधे, पॅनवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावालाच चिकटलेलं, आणि विवाह दाखल्यावर तांदळातलं नाव. आपल्या दृष्टीनं ही एकच बाई. फाइल उघडणाऱ्याच्या दृष्टीनं ही सहा बायकांची टोळी. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव प्रत्येक फॉर्ममध्ये घालायचं, बाकी सगळी ‘इतर नावां’त टाकायची आणि ही सगळी एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, हा कंटाळवाणा पण चालणारा मार्ग आहे. मजा हवी असेल तर अर्ज टाकल्यानंतर, निकालाच्या तोंडावर, पासपोर्टवर नाव बदलून घ्या.

खरी कसोटी नात्याची. तिकडच्या नियमावलीतलं चौथं कलम दोन प्रश्न विचारतं: लग्न मुख्यतः कॅनडात राहायच्या कागदासाठी केलंय का, आणि लग्न खरं आहे का. २०१० पासून दोहोंपैकी एकातही नापास झालात तर संपूर्ण नापास. हे सिद्ध करायला आयएमएम ५५३२ नावाची प्रश्नपत्रिका आहे. पहिल्यांदा कुठे भेटलात, ओळख कुणी करून दिली, समारंभ झाला का, कोण कोण आलं, हनिमूनला गेलात का, नसाल तर का नाही. उत्तर खरं आणि त्रोटक द्या. ‘कांदेपोहे’ असं एका शब्दात लिहा आणि पुढे जा. समोरच्या अधिकाऱ्याला वाटेल, दोघांची ओळख न्याहारीच्या पदार्थानं करून दिली. आत्याच्या नणंदेनं स्थळ सुचवलं, पत्रिका जुळली, दोन्हीकडचे मिळून अकरा जण बैठकीच्या खोलीत बसले आणि तुम्ही दोघं गच्चीवर वीस मिनिटं बोललात, हे चार ओळींत लिहिलं तर ठरवून केलेलं लग्न तिकडेही कळतं. पण चार ओळी लिहायला वेळ कुणाला आहे?

तारखांबद्दल आपसांत अजिबात बोलू नका. तुम्ही साखरपुडा चोवीसला झाला म्हणा, जोडीदाराला पंचवीस लिहू द्या (चोवीसला सुपारी फुटली, पंचवीसला अंगठ्या, दोघंही खरं बोलताहेत). अधिकाऱ्याला वाचायला काहीतरी मिळतं.

फोटो जास्तीत जास्त वीस. तुमच्याकडे चौदाशे आहेत. त्यांतले अकराशे स्टेजवरचे: तेच दोघं, तेच हसू, फक्त शेजारचं कुटुंब बदलतं. यांतले वीस निवडा म्हणजे सर्व पाहुणे समाधानी होतील आणि एका दुपारीच सगळं उरकल्याचा भास होईल. साखरपुडा, केळवण, हळद, सप्तपदी, पहिली दिवाळी, जोडीदार सुट्टीला आला तेव्हाचा रिक्षातला घामाघूम सेल्फी, असे वेगवेगळ्या तारखांचे फोटो घालून प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि माणसांची नावं लिहिली तर फारच खरं वाटेल. वेणी घातलेल्या सासूबाई आणि कपाळाला आठी घातलेले सासरे एकाच चौकटीत असलेला एखादा फोटो जरूर ठेवा. असं दृश्य कुणी बनावट लग्नासाठी पैसे देऊन उभं करत नाही.

पत्रं, मेसेज आणि बाकीचा संवाद मात्र दहा पानांत. इथे सुखी जोडप्यांची पंचाईत होते. नव्या नवऱ्याबायकोनं एकमेकांना दर आठवड्याला दोन पानी पत्र लिहावं ही अपेक्षा. प्रत्यक्षात चॅट असा असतो:

‘जेवलास?’
‘हो’
‘काय’
‘खिचडी’
‘परत???’
‘हम्म’

संसार यापेक्षा वेगळा नसतो, पण हे मराठीत आहे, तेही रोमन लिपीत. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या कागदाला भाषांतर लागतं, आणि ते घरच्या माणसानं केलेलं चालत नाही, मग तो स्वतः वकील असला तरी. तेव्हा पानामागे पैसे मोजून एका अनोळखी गृहस्थाकडून ‘हम्म’चं भाषांतर करून घ्या आणि ते बिनचूक असल्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. टोरोंटोचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. पहाटे साडेचारचा ‘पोचलास का’ आणि लगेच आलेलं उत्तर, असे तारीखवेळेसकट दोनतीन स्क्रीनशॉट बाकी नऊ पानांना भारी पडतात. जी जोडपी फक्त व्हिडिओ कॉलवर बोलतात त्यांनी कॉल लॉग काढावा आणि जमलं तर भांडण लेखी करावं.

मग गेल्या दहा वर्षांचा जमाखर्च, तारखेसकट. वय अठ्ठावीसच्या आत असेल तर अठराव्या वर्षापासून. एकही महिना मोकळा नको. इथे एमपीएससीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. २०१८ ते २०२१ पुण्यात पेठेतल्या खोलीवर ‘अभ्यास’ चालू होता. कॉलेजात नाव नाही, नोकरी नाही, भाडेकरार मित्राच्या मित्राच्या नावावर. ती तीन वर्षं मोकळी सोडा, म्हणजे तुम्ही कुठल्या सैन्यात होतात याचा शोध तिकडे सुरू होईल. ‘बेरोजगार, स्पर्धा परीक्षेची तयारी, पुणे’ असं लिहिलं तर प्रश्न मिटतो, पण ‘बेरोजगार’ हा शब्द बाबांनी वाचला तर घरात नवा प्रश्न उभा राहतो. हिशेबात घ्या.

सह्या राहू द्या. एकच सही राहिली तरी पुरे. सहीविना अर्ज अपूर्ण समजून सबंध परत येतो, रांगेत तुमचा नंबर लागलेलाच नसतो, आणि तोवर पोलीस दाखला शिळा होतो. सध्या राहता त्या देशाचा दाखला अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतला लागतो. तो पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. पत्ता बदलला असेल तर हवालदार घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात आणि चाळीत दोन दिवस वेगळीच चर्चा चालते. दुबईत वगैरे सलग सहा महिने काढले असतील तर तिथलाही आणा.

पैशांचं थोडक्यात: २०२४ च्या दरानं १,२०५ डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५. ठशांचं पत्र आलं की तीस दिवसांत मुंबई किंवा पुण्याचं केंद्र गाठायचं. नवरीनं त्याच आठवड्यात बोटांच्या पेरांपर्यंत मेंदी काढून घ्यावी. वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरकडे. तिची मुदत बारा महिने, म्हणजे सांगण्याआधीच उत्साहानं करून घेतली तर पुन्हा करायचा योग येतो.

अर्ज पोचल्याची पावती आली की काम संपतं आणि थांबणं सुरू होतं. ऑनलाइन ट्रॅकर आहे, २०२२ पासून. त्यात पात्रता, वैद्यकीय, पार्श्वभूमी अशा ओळी असतात आणि त्यांच्यापुढे ‘सुरू नाही’ किंवा ‘सुरू आहे’. दिवसातून सात वेळा पाहा. सातव्यांदा बदललेलं असेल. नाहीच राहवलं तर कॅनडातल्या जोडीदाराला पाच डॉलर भरायला लावून माहितीच्या अधिकारात आपल्या फाइलच्या नोंदी मागवता येतात. महिनाभरानं किंवा त्याहून उशिरा एक जाड पीडीएफ येतं, त्यात तुम्ही भरलेलीच माहिती तुम्हाला परत वाचायला मिळते आणि एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं की पात्रता तपासणी सुरू नाही. पैसे वसूल.

एवढ्यात नातेवाईक सुचवतात: तोवर फिरायला म्हणून जाऊन ये की! जरूर करा टुरिस्ट व्हिसाचा अर्ज. एकाच खात्याच्या दोन खिडक्या आहेत. पहिल्या खिडकीत सिद्ध करायचं की जोडीदाराशिवाय जगणं अशक्य आहे. दुसऱ्या खिडकीत सिद्ध करायचं की सहा महिन्यांत तुम्ही त्याला सोडून नक्की परत याल. त्यासाठी नोकरीचं रजापत्र लावा, आईबाबांची औषधाची चिठ्ठी लावा, गावच्या जमिनीचा सातबारा लावा. तुरीच्या दीड एकरासाठी तुम्ही नवऱ्याला टाकून याल हे दुसऱ्या साहेबाला पटलं पाहिजे. तूर गेली उडत, हे पहिल्याला. तिकडच्या इमिग्रेशन कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलंय की कायम राहायची इच्छा असली म्हणून तात्पुरतं यायला हरकत नाही, फक्त मुदतीत परत जाल अशी खात्री पटायला हवी. व्हिसा नाकारल्याच्या पत्रात नेमकी हीच खात्री पटलेली नसते, आणि कारण म्हणून लिहिलेलं असतं: कॅनडात कौटुंबिक संबंध. म्हणजे लग्न खरं असल्याचं निदान एका खिडकीनं तरी मान्य केलं. ते पत्र जपून ठेवा आणि पुढच्या कुठल्याही फॉर्ममध्ये ‘आजवर कधी व्हिसा नाकारला गेलाय का’ याला ‘नाही’ म्हणा, म्हणजे खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी मिळून हा सगळा ताप एकदाचा संपेल.

थांबण्याच्या काळात आयुष्यही थांबवून ठेवा. घर बदलू नका, बदललंत तर कळवू नका. बाळ झालं तर आनंदाच्या भरात त्याचं नाव फाइलमध्ये घालायचं विसरा. न कळवलेल्या मुलाला पुढे कुटुंब म्हणून बोलावणं फार अवघड होतं, हे त्याला मोठेपणी सावकाश समजावून सांगा.

आणि एक दिवस पासपोर्ट मागवणारी मेल येते. नेमकी स्पॅममध्ये, तिथे रोज बघत जा. पोचल्या दिवसापासून जोडीदाराची तीन वर्षांची हमी सुरू होते, ती घटस्फोटानंही सुटत नाही. तुम्हाला स्वतःला दुसरा जोडीदार बोलवायचा झाला तर पाच वर्षं बोलवता येणार नाही, तेव्हा भांडणं त्या बेतानं ठेवा. सामान लावून झालं, पहिली खिचडी एकत्र खाऊन झाली की जोडीदार म्हणेल, तो स्क्रीनशॉटचा फोल्डर डिलीट कर आता. करू नका. नागरिकत्वाच्या अर्जाला पाच वर्षांत १,०९५ दिवस मोजून दाखवावे लागतात, सगळे पत्ते आणि नोकऱ्या तारखेसकट, मधे एकही मोकळा महिना न सोडता. कॅनडात कुठल्या तारखेला उतरलात ते आत्ताच लिहून ठेवा.