ससून डॉकचा वास आणि माझा कॅमेरा : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. मुंबईच्या ससून डॉक या मासळीच्या बंदरावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत : कोळी बायकांच्या रोजीरोटीच्या जागेचा मी तमाशा केला, आणि ‘उग्र दुर्गंधी’ असे लिहून त्यांच्या धंद्याला कमी लेखले.

दुसरा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. आपण नागपूरकर भोईपुऱ्याच्या मासळी बाजारातून घरी आणतो ते रोहू, कतला, मरळ हे गोड्या पाण्यातले मासे. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे रसायन मुबलक असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि तोच वास आपल्या नाकात शिरतो. गोड्या पाण्यातल्या माशांत हा पदार्थ फारच कमी असल्याने आपल्याला त्या वासाची सवय नसते. शिवाय नुकतेच बोटीतून उतरलेले पापलेट मी हातात घेतले, तेव्हा त्याला जवळजवळ वासच नव्हता. वास येत होता तो फरशीवर साचलेल्या पाण्याचा आणि कोळंबीच्या सोललेल्या टरफलांचा. एवढा फरक लिहिण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. तो शब्द आता काढला आहे.

पहिला आक्षेप मात्र अर्धाच मान्य. पहाटे पाचच्या सुमारास लिलाव रंगात असताना मी वाटेतच उभा राहून माशांनी भरलेल्या पाट्यांचे फोटो काढत होतो, मागे बर्फाची हातगाडी अडली होती, आणि एका मावशींनी “ओ भाऊ, फोटो नंतर काढा, आधी वाट द्या” असे सुनावले. त्यावर कडी म्हणजे, जिथे अख्खी पाटी एका बोलीत जाते तिथे मी एका पापलेटचा भाव विचारला. हे दोन्ही प्रसंग लेखातून गाळले, कारण त्यांत हसे माझेच होत होते.

पण बाहेरच्याने तिथे जाऊच नये, हे मला पटत नाही. वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईतून विलायतेला जाई, तिथल्या व्यापारी घराण्यातील अल्बर्ट ससून यांनी 1875 मध्ये ही गोदी बांधली. मुंबईच्या ताटातले बोंबील आणि सुरमई कुठून येतात, हे आठशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून गेलेल्या माणसाने पाहिले, तर त्यात कोणाचा अवमान होतो असे मला वाटत नाही. आपण विचारता, आपल्या कॉटन मार्केटात, म्हणजे नागपूरच्या भाजीबाजारात, पहाटे कोणी मुंबईकर कॅमेरा घेऊन फिरला तर चालेल का? माझ्या मते चालेल. हमालाच्या वाटेत उभा राहू नये आणि जाताना पावशेर मिरची तरी विकत घ्यावी. मी डॉकवरून काहीच न घेता परतलो, हे आपले बोट मात्र नेमके दुखऱ्या जागी लागले आहे.

एक चूक आपल्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. ‘जूनमध्ये मुलांना घेऊन जा’ असे मी लिहिले होते, पण 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि त्या धक्क्यालाच बांधलेल्या असतात. तेही वाक्य बदलले आहे.