साधंच टाका

‘काका, साधं का प्रीमियम?’

या एका प्रश्नात दोन घाव आहेत. ‘काका’ हा पहिला. केस विरळ झाल्यापासून तो मी निमूट सोसतो. दुसरा घाव ‘साधं’ या शब्दाचा. पेट्रोल पंपावरचा पोरगा नोझल हातात घेऊन उभा, मागे स्कूटरवाल्या बाईंचा अंगठा हॉर्नवर, डावीकडचा रिक्षावाला ‘आवरा की’ अशा नजरेने बघतोय, आणि मला हा निर्णय चार सेकंदांत घ्यायचा. लग्नाला होकार द्यायला मी यापेक्षा जास्त वेळ घेतला होता. फार जास्त नाही, पण घेतला होता.

‘साधं’ म्हणायला जीभ रेटत नाही, आणि त्यात पेट्रोलचा काही दोष नाही. हॉटेलात वेटर विचारतो, ‘पाणी साधं की बिसलेरी?’ तेव्हा समोर कोण बसलंय यावर आपलं उत्तर ठरतं. बायको असेल तर साधं. मुलीला बघायला आलेली मंडळी असतील तर बिसलेरी, आणि तीही माणशी एक. साधा डोसा, साधी थाळी, देवळातली साधी रांग, एसटीतली साधी गाडी... या शब्दाला आपण कुठेच मान राहू दिलेला नाही. ‘साधी राहणी’चं तोंडभर कौतुक होतं ते फक्त शोकसभेत, म्हणजे ज्याचं होतंय तो ऐकायला नसताना.

तर मी म्हणतो, ‘प्रीमियम!’ आणि तेही अशा आवाजात, की आमच्या घराण्यात तीन पिढ्या दुसरं काही टाकलेलंच नाही. (आजोबांकडे सायकल होती. तीही अर्धी, भावात वाटून.)

पोरगा म्हणतो, ‘झिरो बघा.’ मी झिरो बघतो. झिरोनंतर आकडे जे धावत सुटतात ते बघवत नाहीत. पुण्यात साधं पेट्रोलच लिटरला शंभराच्या वर, प्रीमियमला, म्हणजे ९५ ऑक्टेनवाल्याला, त्यावर आणखी सात-आठ रुपये. माझी टाकी ३५ लिटरची. भरली, की अडीचशे-पावणेतीनशेचा फरक पडतो. म्हणजे दोन मिसळी, जादा पाव आणि वर ताक. दर टाकीला ही एक आख्खी न्याहारी माझी गाडी खाते आणि तोंडसुद्धा पुसत नाही.

पण पहिल्यांदा टाकलं त्या दिवशी मला फरक जाणवला होता, खोटं कशाला बोलू? पंपावरून बाहेर पडलो आणि गाडी लोण्यासारखी पळायला लागली. आवाज नाही, धक्का नाही. मी बायकोला, माधवीला म्हटलं, ‘बघितलंस? याला म्हणतात पेट्रोल.’

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘रस्ता नवीन केलाय इथला. निवडणुका आल्यात.’

माधवी स्वतः गाडी नेते तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नाही. ती काच जेमतेम चार बोटं खाली करते, ‘हजारचं साधं’ म्हणते आणि काच वर घेते. तिला कोणी काकूही म्हणत नाही.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र या विषयातले अधिकारी पुरुष. त्यांचं शास्त्र असं, की तीन वेळा साधं टाकायचं आणि चौथ्यांदा प्रीमियम, म्हणजे इंजिनाचं पोट साफ राहतं. एकादशीसारखंच हे. फक्त उपवासाने खर्च कमी व्हायला हवा, इथे तो वाढतो, पण तो साबुदाण्यानेही वाढतोच. पेट्रोल भल्या पहाटे भरावं, थंडीत ते घट्ट असतं, म्हणून जास्त मिळतं, हेही त्यांचंच. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक नसतो, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे मेन्टेनन्सची थकबाकी विचारली. शिवाय ते कधीही पाचशेचं पेट्रोल टाकत नाहीत, पाचशेदहाचं टाकतात. गोल आकड्यांवर मशीन सेट केलेलं असतं म्हणे. आता सगळं पुणं पाचशेदहाचं टाकतं, त्यामुळे तो आकडाही एव्हाना गोल झाला असेल.

प्रीमियमची नावंही बघा. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर. कर्वे रोडला संध्याकाळी साडेसहाला स्पीड आणि पॉवर घेऊन माणसाने नक्की काय करायचं? वर आणखी एक मजला आहेच. २०२० च्या डिसेंबरात १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० आलं, दिल्लीत लिटरला १६० रुपये. पहिल्या दहा शहरांत पुण्याचं नाव होतं. ज्या गावात २०१७ पर्यंत चितळ्यांचं दुकान बंद म्हणून बाकरवडी आणायला माणूस दुपारी एक ते चार घराबाहेर पडत नसे, त्या गावात लिटरला १६० रुपये कोण मोजणार, हे ज्याने ठरवलं त्याच्या धाडसाला मी मानतो.

माझी ही सगळी प्रतिष्ठा उतरली ती सासुरवाडीत, परभणीला.

पेट्रोलच्या बाबतीत परभणी म्हणजे जुनं दुखणं. राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हटलं की पेपरात नाव यायचं ते परभणीचं. टँकर यायचा लांब मनमाडच्या डेपोतून, त्याचं भाडं लिटरमागे चढायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत प्रीमियम पेट्रोलने तिथे शंभरी गाठली तेव्हा पुणं अजून नव्वदीत होतं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण सांगणारे सासरे त्या दिवशी फोनवर म्हणाले होते, ‘घ्या, एका गोष्टीत तरी आम्ही पुण्याच्या पुढं गेलो.’

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आयुष्य डिझेल इंजिनाच्या पोटात हात घालण्यात गेलं. परवा गेलो तर अंगणात गाडीला फेरी मारून त्यांनी विचारलं, ‘जावाईबापू, काय टाकायलात हिच्यात?’

‘प्रीमियम.’

‘कामून? तिनं मागितलं का?’

मी पॉवर, पिकअप, इंजिनाचं आयुष्य वगैरे बोललो. मामांनी सुपारी कातरून होईस्तोवर ऐकून घेतलं.

‘असं बगा,’ ते म्हणाले, ‘आमच्या डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की तापती, तिच्यात डिझेल सोडलं की ते आपोआप पेटतंय. जितकं लौकर पेटंल तितकं गुणाचं. तुमच्या पेट्रोलचं उलटं. त्याला किती बी दाबलं तरी प्लगची ठिणगी पडेस्तोर त्यानं दम धरायचा. आधीच पेटलं, की इंजिन टकटक करतंय, हातोडी मारल्यावानी. हा दम किती धरतंय, त्याचा आकडा म्हंजी ऑक्टेन.’

‘म्हणजे ताकद नाही ती?’

‘ताकद कशाची? दम धरायची शिस्त हाय ती. सासरी आल्यावर ताट येईस्तोर जावयानं गप बसावं, तशी.’

स्वयंपाकघरातून माधवीचं हसू ऐकू आलं.

‘आता ज्याचं इंजिन लई दाबतंय, टर्बो असतंय, त्याला जास्त दमाचं पेट्रोल लागतंय. कंपनी तसं लिहून देती. तुमच्या गाडीवर काय लिवलंय?’

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं गाडी माझी आहे. पेट्रोलचं झाकण निदान चारपाचशे वेळा उघडलं गेलं असेल. पण मी आतून फक्त खटका ओढतो, झाकण पोरगा उघडतो, आणि मी तेव्हा झिरो बघत असतो. मामांनी खटका ओढायला लावला, मला हाताला धरून गाडीच्या मागच्या बाजूला नेलं आणि झाकणाच्या आतला मळकट स्टिकर धोतराच्या सोग्याने पुसला. ‘९१ किंवा अधिक’. इतकंच. गेली कित्येक वर्षं मी चार सेकंदांत ज्याचं उत्तर शोधत होतो, ते माझ्यापासून आठ फुटांवर चिकटवलेलं होतं.

रात्री झोप आली नाही म्हणून मी या आकड्यांचा जरा अभ्यास केला. (सासुरवाडीत झोप न येण्याचं खरं कारण तिसरी पुरणपोळी असते, पण ते असो.) आयसोऑक्टेन नावाचा एक पदार्थ आहे, तो दम धरण्यात पटाईत, त्याला १००. हेप्टेन नावाचा दुसरा, दाब पडला की लगेच भडकणारा, त्याला शून्य. आपलं पेट्रोल या दोघांच्या कुठल्या मिश्रणाइतकं सहनशील आहे, त्यावर त्याला गुण मिळतात.

गुण! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ९१, ९५, १००. हे आकडे बघून माझ्या पोटात जे कालवायचं ते पेट्रोलचं नव्हतंच, ते दहावीच्या निकालाचं होतं. आपल्याकडे ९१ टक्के पडलेल्या मुलाची आई पेढे वाटताना ‘थोडक्यात गेले हो’ म्हणते. शेजारच्या घरी ९५ असतात. माझी दहा वर्षांची हॅचबॅक, तिला ९१ पुरतात, ती त्यात सुखी आहे, आणि मी मात्र दर आठवड्याला तिला ९५ च्या क्लासला घालतोय.

पुढचं वाचून तर मी अंथरुणात उठून बसलो. साध्या पेट्रोलचे ९१ ही कधीचीच जुनी गोष्ट झाली. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्याही वर. त्यामुळे हे नवं साधं पेट्रोल ९५ ला पोचल्याचं सरकारच सांगतं. म्हणजे दहावीच्या पोराला इंटरमिजिएट ड्रॉइंगचे वाढीव गुण मिळावेत, तसं आमच्या ‘साध्या’ला उसाचे मिळाले! ९१ वाला पोरगा बसल्याजागी ९५ वर गेला, आणि मी शेजारच्या ९५ साठी लिटरला सात-आठ रुपये जास्त मोजत होतो. प्रीमियमात इंजेक्टर साफ ठेवणारी औषधं जास्त असतात, ते खरं, त्याचे काही गुण कापायला नकोत. पण निम्मा निकाल तर तिथेच फिरला.

सकाळी मामांना सांगितलं. त्यांना या सगळ्यातला एकच मुद्दा भावला. ‘म्हंजी गाडी ऊस खायली?’

‘ऊस, मका, तांदूळ. सगळ्यापासून होतं इथेनॉल.’

‘मग मायलेज पडलं असंल.’

पडतं थोडं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. मी तसं म्हणताच मामा खूश झाले. ‘मग! रस पिऊन कुठं कुस्ती होत असती का?’

दुपारी गंगाखेडला लग्न होतं. मी, माधवी, मामा आणि मागच्या सीटवर आहेराच्या पिशव्या. गाडीचा काटा खाली टेकलेला. गावाबाहेरच्या पंपावर वळलो तेव्हा मी आतून पूर्ण तयार होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला या प्रश्नाची ओढ लागली होती. काच पूर्ण खाली केली. मान बाहेर काढली. पोरगा काही विचारायच्या आतच, सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं ओरडलो, ‘साधं! फुल करा! साधंच टाका!’

‘साधं नाही सायेब,’ पोरगा म्हणाला. ‘संपलंय. टँकर यायचाय. प्रीमियम हाय.’

मागे जीपवाला हॉर्न द्यायला लागला. मी मामांकडे बघितलं. मामांनी घड्याळाकडे बघितलं. मुहूर्त पाऊण तासावर होता.

‘टाक पाचशेचं,’ मामा म्हणाले.

‘पाचशेदहाचं,’ मी म्हटलं. का, ते मला विचारू नका.

गंगाखेडच्या रस्त्याला लागलो. ऊन रणरणत होतं. दुतर्फा कापसाची रानं. रस्ता काही नवीन नव्हता, ते मी आधी बघून घेतलं. पाच-सात किलोमीटर कोणी बोललं नाही. मग मामांनी सीट मागे रेलवली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि हलकेच म्हणाले, ‘आज मस्त पळायली हो गाडी. नाही?’